मागं राहणारीची घंटी

१७ नोव्हेंबर
वस्तीवरून, ता. पाटोदा

करिष्मा,

वर आशीर्वाद लिहीत नाही. तो बघूनच तू कागदाची घडी घालशील, एवढं तुला ओळखते. माझा नंबर तू बंद करून ठेवलास, म्हणून हे पत्र. पाटोद्याच्या पोस्टातला माणूस म्हणाला, "पुण्याला पत्र? तिकडं व्हाट्सप न्हाई का?" म्हटलं, तिकडं आहे, इकडचं बंद आहे.

दिवाळीला आलीस आणि पाडव्यालाच पिशवी उचलून हॉस्टेलला परत गेलीस. काय झालं ते मला ठाऊक नाही. नाटक करत नाही. मी चुलीपुढं करंज्या तळत बसले होते. त्यानंतरचं आठवतं ते एवढंच की मी जमिनीवर आहे, तोंडात गुळाची चव आहे, झंपर ओला आहे आणि फाट्याच्या वाटेवर तुझी पाठ दिसतेय. मधलं सगळं गेलं. साखर उतरली की मधलं जातं. दर वेळी शुद्धीवर आल्यावर मी काय काय बरळले ते तू मला सांगायचीस, वर हसायचीस. या वेळी सांगितलं नाहीस.

आजीला विचारलं. ती म्हणते, "मला कुटं ऐकू येतंय बाई." तिला कमी ऐकू येतं हे खरं आहे, पण चहा उकळलेला तिला वावरातून ऐकू येतो.

घंटी अजून मनगटाला आहे. तू चौथीत होतीस तेव्हा बांधलेली. कळपात जी मेंढी सारखी मागं राहते, तिच्याच गळ्यात आपण घंटी बांधतो. आपल्या घरात मागं राहणारी मी. लहानपणापासून इन्सुलिनवर, आणि तोवर अंगानं सांगणंसुद्धा सोडलेलं. आधी साखर उतरायला लागली की हात कापायचे, घाम फुटायचा, जीव घाबरा व्हायचा, मग मी काहीतरी तोंडात टाकायची. नंतर कापणं गेलं, घाम गेला. साखर गुपचूप उतरायची आणि मी उभ्याउभ्या जायची. तू घंटी बांधलीस आणि अभ्यासाला बसताना एक कान माझ्याकडं ठेवायला लागलीस. वाजायची थांबली की गुळाचा खडा घेऊन हजर. वस्तीवरच्या बाया मला घंटीवाली म्हणायच्या. तू त्यांच्या अंगावर धावून जायचीस.

आता वाजते. ऐकायला कोणी नाही. बाकी ठीक.

तुझी आई
बबिता


२२ जानेवारी
वस्तीवरून

करिष्मा,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. तू लिहिशील असं धरलंही नव्हतं.

या वर्षी कळप भागवतकाकांबरोबर गेला. तुझे आप्पा घरीच आहेत. मी भांडं घासता घासता दोनदा पडले, तेव्हापासून ते वस्ती सोडत नाहीत. मेंढरांमागं फिरणारा माणूस घरात बसला की कसा दिसतो ते तू बघायला हवं होतंस. सारखा उठतो, दारात जातो, डोंगराकडं बघतो आणि परत येऊन बसतो.

बीडच्या डॉक्टरांनी पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली होती. जाऊन आलो. तिथं एक उपचार करून बघतायत. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी परवानगी दिली, की त्याचं स्वादुपिंड काढून घेतात. इन्सुलिन बनवणाऱ्या ज्या पेशी असतात तेवढ्या त्यातून वेगळ्या करतात. मग पोटातून बारीक नळी यकृताच्या शिरेत घालायची आणि सलाइनसारख्या त्या पेशी सोडायच्या. त्या यकृतात बसतात आणि तिथं इन्सुलिन बनवायला लागतात. तू नर्सिंगला आहेस, तुला हे माझ्याहून जास्त कळत असणार. पण घरात सांगायला कोणी नव्हतं. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "दुसऱ्याची भाकर आपल्या पोटात पचती, मग ह्येबी पचंल."

ज्यांना साखर उतरलेली अजिबात कळत नाही अशांनाच घेतात. मी त्यात बसले. दहावीला कशात पहिला नंबर आला नव्हता, इथं आला. खर्च त्यांचा.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. इन्सुलिन पूर्ण सुटेलच असं नाही, म्हणाल्या. पण बऱ्याच जणांचं अंग परत बोलायला लागतं, कापणं आणि घाम परत येतो. आणि दुसरी गोष्ट. त्या परक्या पेशींना अंगानं हाकलू नये म्हणून गोळ्या घ्यायच्या, त्या कायमच्या. त्या गोळ्यांनी अंगाची राखण कमी होते. म्हणून मेंढरांजवळ जायचं नाही, कच्चं दूध नाही, लेंड्या नाही, व्यायला आलेल्या जनावराला तर शिवायचंसुद्धा नाही.

आप्पा म्हणाले, "मंग बाई, आमच्यापासूनबी लांबच ऱ्हावं लागंल हिला. आमच्या अंगाला दुसरा वास न्हाई."

मी हो म्हटलं. आनंद वगैरे काही झाला नाही. दुकानदारानं पिशवी देऊ का विचारल्यावर म्हणतो तसं हो म्हटलं.

आई


९ मार्च
वस्तीवरून

करिष्मा,

फेब्रुवारीत एकदा बोलावणं आलं होतं. सकाळी फोन, लगेच निघा. जीप करून गेलो. दिवसभर उपाशी ठेवलं आणि संध्याकाळी सांगितलं की पेशी पुरेशा निघाल्या नाहीत, घरी जा. परतताना गाडीत मी डबा उघडून भाकर खाल्ली. मला वाईट वाटायला हवं होतं बहुतेक.

आता परत फोन यायची वाट बघतेय. कोणाच्या तरी घरी वाईट फोन जाईल, मग आपल्याला येईल. मी कुणाच्या तरी मरणाची वाट बघत मेथी निवडते. चांगली निवडते, एक काडी राहू देत नाही. आतून काहीच हलत नाही, करिष्मा. पूर्वी वाटायचं, अंगानं फक्त साखरेचं सांगणं सोडलंय. आता वाटतं, सगळंच सांगायचं सोडलं.

इथं खिडकीतून बसथांबा दिसतो. दुपारी मुली उतरतात, तुझ्याच वयाच्या. पांढरा कोट हातावर टाकलेला असतो, हसत असतात. एक जण तुझ्यासारखी चालते, डावा खांदा पुढं काढून.

वर वस्तीवरून असं लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही. लांबून यायला उशीर होतो म्हणून हॉस्पिटलवाल्यांनी जवळ राहायला सांगितलं. मी पुण्यातच आहे, तुझ्या हॉस्टेलपासून रिक्षानं थोडंसं. पत्ता लिहिणार होते. लिहीत नाही. पत्ता लिहिला की तो तुझ्यावर बोजा होईल.

आई


२ मे
पुणे

करिष्मा,

झालं. मागच्या आठवड्यात.

मला वाटलं होतं झोपवतील. जागीच होते. पोटाला बधिर करायचं इंजेक्शन दिलं. ते कळलं नाही म्हटल्यावर नर्स म्हणाली, "ताई, तुम्ही फार सोशिक." सोशिक कसली.

आत नेण्याआधी बांगड्या, मंगळसूत्र, सगळं काढायला लावलं. घंटीसुद्धा. तिची दोरी इतक्या वर्षांत इतकी आवळली होती की कातरीनं कापावी लागली. आप्पांनी ती खिशात टाकली. मला स्ट्रेचरवर ढकलत नेत होते आणि ते शेजारून चालत होते, तर त्यांच्या खिशात ती वाजत होती. त्या पांढऱ्या बोळात मला एकदम वाटलं, कोणाचंतरी मेंढरू मागं राहिलंय. मान वळवून बघितलंसुद्धा. मग दार लागलं.

पिशवीत थोडं गढूळ पाणी दिसत होतं. तेवढंच. ते नळीतून उतरलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय वाटतंय? मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, छान.

तो माणूस कोण होता ते सांगत नाहीत. तसा नियम आहे. माझ्याहून लहान होता एवढं कानावर आलं. एक दिवस ठरवून त्याच्यासाठी रडायला बसले. तोंड झाकून घेतलं, त्याच्या आईचा विचार केला. आलं नाही. उठून गोळी घेतली.

इन्सुलिन निम्म्यावर आलंय. तोंडात फोड आलेत गोळ्यांनी. आप्पा रोज दूध तापवून देतात, तीनदा उकळून, पार साय जळेपर्यंत. कच्चं राहू नये म्हणून.

आई


२४ ऑगस्ट
वस्तीवरून (खरंच वस्तीवरून)

करिष्मा,

मधे लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं चांगलंच होतं आणि मला ते लिहिता येत नाही. जुलैपासून इन्सुलिन बंद झालं होतं. इतक्या वर्षांनी सकाळी उठून सुई नाही. हात उगाच डब्याकडं जायचा.

पावसाळ्यात कळप परत आला. आप्पांनी तो ओढ्यापलीकडं बसवला आणि मला घराच्या या बाजूला एक खोली सारवून दिली. शेणानं नाही, सिमेंटनं. तिथं बसून मी लांबून मेंढरं बघायची. माहेरीही मेंढरं, सासरीही मेंढरं, आणि आता शहरातून आलेल्या पाहुणीसारखी खुर्चीत.

गेल्या सोमवारी आप्पा बाजाराला गेले होते. एक मेंढी मागं राहून इकडंच, ओढ्याच्या काठाला व्याली. कोकरू पडलं ते हललंच नाही. वारेचा पापुद्रा नाकातोंडावर तसाच. मेंढी चाटायला तयार नाही, लांब जाऊन उभी. मी उठले कधी, गेले कधी, सांगता येत नाही. साखर उतरली नव्हती, चांगली शुद्धीत होते. बोटानं त्याचं तोंड मोकळं केलं, मागचे पाय धरून उलटं हलवलं, आणि त्याच्या नाकपुड्यांवर तोंड ठेवून फुंकर घातली. माझ्या आईनं शिकवलेलं, तिच्या आईनं तिला. आपल्यातल्या कुठल्याही बाईनं हेच केलं असतं. दोनदा, तीनदा. मग ते शिंकलं.

तोंडात खारट चव आली तेव्हा डॉक्टरीणबाई आठवल्या.

आजी धावत आली. "आगं, काय केलंस ह्ये! तुला शिवू नगं मनलं हुतं ना त्या बाईनं?"

मी म्हटलं, "मरत हुतं ते."

"मरतंय तर मरू द्यायचं! तुज्या पोटात कुनाचं लेकरू ठिवलंय, त्याचा तरी इचार करायचा!"

आता ताप आहे. हे पत्र मी जीपची वाट बघत लिहितेय. त्या पेशी जातील असं आप्पांना वाटतंय. ते सारखे डोंगराकडं बघतायत. मला मात्र राहून राहून एकच वाटतं. त्या कोकरानं मला कुठं सांगितलं होतं जगव म्हणून? हात आपोआप गेले. हे तुला का लिहितेय मला कळत नाही, पण लिहावंसं वाटलं.

आई


१६ सप्टेंबर
वस्तीवरून

करिष्मा,

मी वाचले. पेशी काही गेल्या, काही राहिल्या. इन्सुलिन परत सुरू झालंय, पूर्वीपेक्षा फार थोडं. डॉक्टरीणबाई रागावल्या, मग कोकराचं काय झालं ते विचारलं. जगलंय म्हटल्यावर त्यांनी मान फिरवली, पण मला वाटतं त्या हसल्या.

हॉस्पिटलात एका संध्याकाळी मी डोळे मिटून पडले होते. आप्पांना वाटलं झोपलीय. त्यांचा फोन वाजला. त्यांनी उचलला, "एकशे चाळीस," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

मी विचारलं, "कोन हुतं?"

ते दचकले. "कोन न्हाई."

"कोन न्हाई त्याला आकडा कशाला सांगता?"

चादरीच्या सुरकुत्या काढत बसले. मग म्हणाले, "तुजी पोरगी. रोज सांजंला करती. साखरंचा आकडा इचारती अन् ठिवती."

"कवापासून?"

"पाडव्याच्या सांजंपासून. तुला सांगू नगा मनली. आन घातली मला."

"अजून काय इचारती?"

"काय न्हाई. आकडा."

मला राग आला की बरं वाटलं, ते सांगता येत नाही. तू गेलीस आणि मी इथं सुटल्यासारखी, कोणाचीच नसल्यासारखी झाले होते. आणि तू गेलीच नव्हतीस. मैत्रिणी सिनेमाला जात असतील, तू संध्याकाळ झाली की फोन हातात घेऊन जिन्यात उभी राहत असशील. पुण्यात बसूनसुद्धा एक कान इकडंच.

घरी आल्यावर आजीला परत विचारलं. पितरांचा स्वयंपाक चालला होता. म्हटलं, पाडव्याला मी तिला काय बोलले ते आज सांगायचं, नाहीतर मी जेवत नाही. तिनं हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"तू तिच्या तोंडावर गूळ थुकलास. अन् मनलीस, कशाला जगिवतीस मला? कुनी सांगितलंय तुला? तुज्या हातचा गूळ म्हंजी दावं हाय माज्या गळ्यात, मनलीस."

"मंग ती?"

"काय न्हाई. तुजं तोंड पुसलं, पुना गूळ भरिवला. डोळे उघडस्तोर बसली. मंग उठली अन् गेली."

मी शुद्धीत नव्हते, हे खरं आहे. पण शब्द माझेच असणार, दुसऱ्या कुणाचे माझ्या तोंडात आले नसणार. मी असं कधी बोलणारच नाही, असं खोटं तुला लिहीत नाही. एवढंच लिहिते की दावं माझ्या गळ्यात नव्हतं. ते तुझ्या गळ्यात होतं, चौथीपासून. टोक माझ्या मनगटाला होतं म्हणून मला काच जाणवला इतकंच.

आजीनं पितरांची पानं वाढली. सगळी झाल्यावर आणखी एक वाढलं. मी विचारलं, हे कोणाचं?

"त्या पोराचं. नाव न्हाई ठावं, म्हून काय उपाशी ठिवायचं? आता घरातलाच हाय त्यो."

त्याच्या पानात खीर जरा जास्तच वाढली तिनं. मी बघत उभी राहिले. आत काहीतरी हललं, पण लगेच गप झालं.

आई


१२ ऑक्टोबर
वस्तीवरून

करिष्मा,

काल दुपारी गवार मोडत बसले होते. घरात कोणी नव्हतं. आजी नारायणगडाला दर्शनाला गेलेली, आप्पा मेंढरांकडं. एकदम एक शेंग हातातून पडली. उचलली, परत पडली. बघते तर हात कापतोय. मला काही कळेना. मग मानेवर घाम आला, छाती धडधडायला लागली, आणि भीती वाटली. लई भीती वाटली, करिष्मा. कोणीतरी मागं उभं आहे असं वाटून मी वळून बघितलं.

मग ओळखलं. बोट टोचून बघितलं, साखर उतरत होती. मी उठले, फडताळापर्यंत माझ्या पायांनी गेले, गुळाचा खडा माझ्या हातानं फोडला आणि माझ्या हातानं खाल्ला. खाली बसून वाट बघितली. कोणी आलं नाही. कोणी यायची गरज पडली नाही.

थोड्या वेळानं कापणं थांबलं. रडणं थांबलं नाही. ते कधी सुरू झालं तेच कळलं नव्हतं. त्या पोरासाठी रडले, त्याच्या आईसाठी रडले, आणि मग दुसरी-तिसरीतली तू आठवलीस. तेव्हा घंटी नव्हती. माझ्या तोंडात गूळ कोंबताना तुझी बोटं माझ्या दातांत सापडली होती आणि तू हात काढला नव्हतास. संध्याकाळी आप्पा आले, घाबरले, मीटर शोधायला लागले. म्हटलं, साखर बरी आहे, हे दुसरं आहे. त्यांना काय करावं ते सुचेना, मग ते दूध तापवायला गेले.

घंटी त्यांच्याच खिशात होती, एप्रिलपासून. मी मागून घेतली. तुला पाठवणार होते, पण तुला ती कशाला? आप्पांकरवी त्या कोकराला बांधली. ते जगलं, पण जरा उशिरानं श्वास आलेलं आहे, कळपात सारखं मागं राहतं. आता घंटी जिथं हवी तिथं आहे.

आणि एक. कालपासून मी आप्पांना सांगितलंय, तुला आकडा सांगायचा नाही. ते ऐकत नव्हते. म्हणाले, "आकडा न्हाई सांगितला तर ती फोनच करायची बंद हुईल. तेवढं एकच तर ऱ्हायलंय." मला ते ठाऊक आहे. रात्रभर त्याच भीतीनं डोळा लागला नाही. पण आता माझं अंग मला सांगतं, त्यानं तुला सांगायचं कारण उरलं नाही. तू फोन बंद केलास तर मी ते सोसेन, आणि या वेळी दुखलेलं मला कळेल.

दिवाळीला ये असं लिहीत नाही. आलीस तर पाहुणीसारखी ये. माझ्याकडं पाठ करून बस, वाटलं तर झोप. करंज्या मी तळीन, चहा मी करीन.

तुझ्या नंबरावर मी आता फोन करणार नाही, आप्पांच्या नंबरावर तू करशील तेव्हा मी उचलीन. आकडा मिळणार नाही. तुला दुसरं काहीतरी विचारावं लागेल, बाई. इतक्या वर्षांत तू मला दुसरं काही विचारलंच नाहीस, आणि मीही तुला नाही. काय विचारशील, ते मला ऐकायचंय.

तुझी आई
बबिता